हातात वाद्य नसलेला वादक

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

भोरच्या पुढे आंबवड्याला गेलं, की नागेश्वराच्या देवळाकडे जायला ओढ्यावर एक झुलता पूल लागतो. भोर संस्थानच्या काळातला. मध्यंतरी तिथं गेलो असताना पुलाच्या अलीकडच्या तोंडाशीच एका निवृत्त गुरुजींनी मला थांबवलं. गुरुजींची उभी हयात शाळेतल्या पोरांचं लेझीम बसवण्यात गेलेली. ते म्हणाले, "तुम्ही रेडिओवर गाण्याबजावण्याबद्दल बोलता, म्हणून विचारतो. आमच्या नातीनं मोबाइलवर तो व्हिएन्नाचा नववर्षाचा कार्यक्रम लावला होता. ऐंशी-नव्वद माणसं वाजवत होती आणि मधोमध उभा राहून एक जण नुसती काडी हलवत होता. वाजवत काहीच नव्हता. आणि टाळ्या सगळ्यांत जास्त त्यालाच! हा गडी नक्की करतो तरी काय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "आणि नात म्हणते, मला तेच व्हायचंय. सातवीत आहे. हलगी चांगली वाजवते. तर याचं शिक्षण कुठं मिळतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी पुलावरच दिलं. दुसऱ्याचं उत्तर देताना मात्र अडखळलो. आजचं हे भाषण म्हणजे त्या अडखळण्याचीच कहाणी आहे.

या माणसाला म्हणतात कंडक्टर. आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की एस.टी.तला डोळ्यांपुढे येतो आणि ते अगदीच चुकीचं नाही. गाडी चालवतो ड्रायव्हर, पण डबल बेल वाजल्याशिवाय ती हलत नाही. मराठीत वाद्यवृंद-संचालक असा शब्द आहे, पण तो भाषणापुरताच. मी आपला कंडक्टरच म्हणणार आहे.

गुरुजींच्या लेझमीत साठ पोरं असली तरी साठही जणांचा हात एकाच वेळी एकच काम करतो. हलगीचा ठेका आणि गुरुजींची शिटी एवढ्यावर भागतं. सिंफनी वाद्यवृंदात तसं नसतं. तीसेक व्हायोलिनं, त्यांतही पहिली आणि दुसरी असे दोन गट, मग व्हायोला, चेलो, डबल बास, पलीकडे बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बसून, मागे हॉर्न, ट्रंपेट, ट्राँबोन आणि शेवटी नगाऱ्यासारखी टिंपनी. प्रत्येकाच्या पुढ्यातला कागद वेगळा. आणि मजा अशी, की प्रत्येकाच्या कागदावर फक्त त्याच्यापुरतंच लिहिलेलं असतं. ट्रंपेटवाल्याला साठ-सत्तर आवर्तनं गप्प बसायचं असेल, तर त्याच्या कागदावर तेवढा आकडा लिहिलेला असतो. तेवढ्या वेळात बाकीचे काय करताहेत ते त्याच्याकडे लिहिलेलं नसतं.

सगळ्यांचं सगळं एकाखाली एक लिहिलेलं असतं ते एकट्या कंडक्टरच्या पुढ्यात. त्या जाड वहीला स्कोअर म्हणतात. एका पानावर वीस-पंचवीस ओळी, त्या एकाच वेळी वाचायच्या. डावीकडून उजवीकडे आणि वरून खालीही. त्यात आणखी एक गंमत. काही वाद्यं अशी आहेत, की त्यांच्या कागदावर एक स्वर लिहितात आणि वाजतो दुसरा. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवाल्यानं 'सी' वाचून वाजवला की ऐकू येतो बी-फ्लॅट. हॉर्नवाल्यानं 'सी' वाजवला की ऐकू येतो 'एफ'. म्हणजे स्कोअर वाचणाऱ्यानं डोळ्यांनी एक बघायचं आणि मनात दुसरं ऐकायचं. हे जमायला वर्षं लागतात. काडी हलवायला त्यामानानं फारसा वेळ लागत नाही.

पण मग ती काडी कशाला? वादक एकमेकांचं ऐकून का वाजवत नाहीत? आपल्याकडे गवई, तबलजी आणि पेटीवाला एकमेकांकडे नुसतं बघतात आणि समेवर बरोबर येतात. खरं आहे. पण ते तिघं-चौघं हाताच्या अंतरावर बसलेले असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोठ्या रंगमंचावर पुढचं व्हायोलिन आणि मागचा ट्राँबोन यांच्यात १५ मीटर अंतर असलं, तर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला सेकंदाचा जवळजवळ विसावा भाग लागतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण द्रुत लयीत एवढा फरक किती होतो ते कुठल्याही तबलजीला विचारा. कानानं ऐकून वाजवणारा मागचा वादक सतत मागेच राहणार. प्रकाशाला मात्र असा वेळ लागत नाही. म्हणून सगळ्यांना दिसेल असा एक हात लागतो.

उजवा हात लय धरतो. चार मात्रांची चाल असेल तर पहिली खाली, दुसरी डावीकडे, तिसरी उजवीकडे, चौथी वर. हे एका दिवसात शिकता येतं. डावा हात लहान-मोठा आवाज, कुणी पुढे यायचं, कुणी दबून राहायचं ते दाखवतो. खरी कला मात्रेच्या आधीच्या हालचालीत असते. तो हात कसा उचलला जातो त्यावरून वादकांना कळतं, की येणारी मात्रा किती वेगाची आहे, जड आहे की हलकी. गायक सूर लावण्याआधी श्वास घेतो ना, तसा हा सगळ्यांच्या वतीनं घेतलेला एक श्वास.

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात बहुतेकांनी कुठं ना कुठं ऐकलेली असते. तीन छोटे ठोके आणि एक लांब. कागदावर ती सुरुवात आवाजानं होतच नाही. पहिल्या मात्रेचा पहिला अर्धा भाग मोकळा सोडलेला आहे. म्हणजे कंडक्टरनं जिथं हात मारायचा, तिथं कुणीच वाजवायचं नाही, आणि त्यानंतरच्या निमिषात सगळ्या तंतुवाद्यांनी एका तोंडानं बोलायचं. समेवर शांतता आणि मुखडा समेनंतर! शिकाऊ कंडक्टरची इथं भंबेरी उडते. आधी कुणी तरी एक जण सुटतो, मग बाकीचे, आणि तीन ठोक्यांचे सात-आठ ऐकू येतात.

पूर्वी काडीऐवजी जाड दांडकं जमिनीवर आपटत असत. फ्रान्सच्या राजदरबारात लुली नावाचा संगीतकार होता. ते दांडकं त्यानं आपल्याच पायावर आपटून घेतलं, जखम चिघळली आणि १६८७ साली तो त्यातच गेला. हातातली काडी हलकी झाली हे या व्यवसायाच्या दृष्टीनं बरंच झालं.

इथपर्यंत गुरुजींना पटलं. आता त्यांचा दुसरा प्रश्न.

व्हायोलिन शिकणारं पोर व्हायोलिन विकत घेतं आणि खोलीचं दार लावून रियाज करतं. कंडक्टरचं वाद्य म्हणजे साठ-सत्तर हाडामासाची, पगार घेणारी, अनुभवी माणसं. ती घरी कशी आणणार? आरशासमोर उभं राहून हातवारे करता येतात, पण आरसा चूक दाखवत नाही. त्यात आवाजच नसतो. वाद्यवृंद मिळाल्याशिवाय शिकता येत नाही आणि शिकल्याशिवाय वाद्यवृंद मिळत नाही, असा हा पेच आहे. प्रत्येक मोठ्या कंडक्टरच्या तरुणपणाची गोष्ट म्हणजे हा पेच त्यानं कसा सोडवला याची गोष्ट असते.

त्यातली सगळ्यांत नामांकित गोष्ट आपल्या मुंबईची आहे. झुबिन मेहतांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा. पारशी कुटुंब. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बरंचसं स्वतःच शिकलेले. झुबिनच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १९३५ साली, त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. कुठली माणसं होती त्यात? हॉटेलांत आणि सिनेमागृहांत वाजवणारे गोव्याचे वादक, हौशी पारशी मंडळी, नौदलाच्या बँडमधले बाजेवाले आणि युरोपातून येऊन मुंबईत राहिलेले काही जण. अशी मोट बांधून मेहलींनी सिंफनी वाजवायला घेतल्या.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी युरोपातली पोरंसुद्धा वणवण करतात, ती या मुलाला घरातच मिळाली. तालमी घरच्या आणि तबकड्यांची सोबत सदाची. मधली काही वर्षं वडील अमेरिकेत इव्हान गालामियन या नामवंत शिक्षकाकडे व्हायोलिन शिकायला गेले होते. संसार आणि मुलं असताना, पस्तिशी उलटलेल्या माणसानं पुन्हा विद्यार्थी व्हायचं! मला या सगळ्या कहाणीत मुलापेक्षा बापाचं कौतुक जास्त वाटतं. ते परतल्यावर झुबिन वाद्यवृंदातल्या एकेका गटाची तालीम घेऊ लागला, तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी तालमीत तो पुऱ्या वाद्यवृंदापुढे उभा राहू लागला.

घरच्यांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. सेंट झेवियर्स कॉलेजात त्यानं दोन वर्षं काढली. प्रयोगशाळेत मासा चिरायची वेळ आली आणि त्यानं तिथूनच रामराम ठोकला, असं ते स्वतः सांगत आले आहेत. १९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला निघाला. महिन्याला ७५ डॉलर एवढ्यावर भागवायचं होतं.

व्हिएन्नात पोचल्यावर त्यानं व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऐकला. कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली ब्राम्सची पहिली सिंफनी. तोवर त्याच्या कानांना सवय होती ती खरखरणाऱ्या तबकड्यांची आणि वडिलांच्या हौशी वाद्यवृंदाची. तंतुवाद्यांचा असाही आवाज असतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढं आयुष्यभर कुठल्याही वाद्यवृंदाकडून त्यांनी त्याच आवाजाची मागणी केली.

तिथल्या अकादमीत गुरू मिळाले हान्स स्वारोव्स्की. हे गृहस्थ मोठे कडक. हातवारे, केस उडवणं, डोळे मिटून डोलणं यांतलं काहीही त्यांना खपत नसे. आधी कागद. हे वाक्य किती आवर्तनांचं आहे, चारचं की पाचचं, पुढचं वाक्य त्याला कुठं जोडलंय, सगळ्यांत उंच जागा कुठली, तिथं पोचायच्या आधी किती शिल्लक ठेवायचं. रचनेचा असा हिशोब पक्का झाला, की हात आपोआप लहान होतो, हे त्यांचं सूत्र. मुंबईहून आलेल्या या उत्साही मुलाला ते जड गेलं असणार. मला स्वतःला फार हातवारे करणारे कंडक्टर आवडत नाहीत, त्यामुळे मी स्वारोव्स्कींच्या बाजूचा.

शिक्षणाचा दुसरा भाग म्हणजे वाद्यवृंदाच्या आत बसणं. झुबिननं डबल बास हे वाद्य धरलं आणि त्यावर तो छोट्या वाद्यवृंदांत वाजवू लागला. डबल बासवाला उभा असतो किंवा उंच स्टुलावर बसतो, एका टोकाला, आणि तिथून सगळं दिसतं. कंडक्टरचा कुठला हात वादकाला उपयोगी पडतो आणि कुठला नुसता प्रेक्षकांसाठी असतो, हे तिथं बसल्यावर बिनचूक समजतं.

तिसरा भाग जरा चोरटा आहे. मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला विद्यार्थ्यांना परवानगी नसे. तेव्हा झुबिन आणि त्याचा इटालियन मित्र क्लाउडिओ अबाडो यांनी युक्ती काढली. दोघेही जिंगफेराइन या गायकवृंदात खर्जाच्या गायकांत जाऊन उभे राहिले. कारायान, ब्रुनो वॉल्टर यांच्यासारख्यांच्या तालमी अशा फुकटात मिळाल्या. आणि यात एक मोठा फायदा होता. प्रेक्षकांना कंडक्टरची पाठ दिसते. गायकवृंद वाद्यवृंदाच्या मागं उभा असतो, त्याला चेहरा दिसतो. पुढं अबाडोही जगातल्या पहिल्या रांगेतले कंडक्टर झाले. एका गायकवृंदात मागच्या रांगेत असे दोन चोर एकत्र उभे होते म्हणायचे!

१९५६ च्या उन्हाळ्यात दोघे इटलीतल्या सिएना गावी शिबिराला गेले. तिथं डॅनियल बारेनबॉइम नावाचा तेरा वर्षांचा मुलगा भेटला. ही दोस्ती जन्माची ठरली. त्याच वर्षी हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. झुबिननं सात दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि व्हिएन्नाबाहेरच्या निर्वासितांच्या छावणीत कार्यक्रम केला. या प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा येतो. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. वाद्यवृंद मिळत नव्हता, तर त्यानं तो जमवला. बापाचंच पोर.

१९५७ साली पदविका मिळाली. पण या व्यवसायात पदविका दाखवून नोकरी मिळत नाही. १९५८ साली लिव्हरपूलला कंडक्टरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. शंभराच्या आसपास उमेदवार, आणि पहिला आला मुंबईचा झुबिन मेहता. बक्षीस म्हणजे रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिकचा साहाय्यक कंडक्टर म्हणून एक वर्ष. त्याच वर्षी अमेरिकेत टँगलवुडच्या उन्हाळी वर्गात तो दुसरा आला. पहिला कोण? तोच, अबाडो. तिथं बोस्टन सिंफनीचे शार्ल म्युंश यांची नजर या मुलावर पडली.

साहाय्यक कंडक्टर काय करतो, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तो रिकाम्या सभागृहात मागच्या खुर्चीवर स्कोअर घेऊन बसतो. मुख्य कंडक्टर मधेच थांबून विचारतो, "ट्रंपेट फार होतायत का?" आणि यानं सांगायचं असतं. शाळकरी मुलांचे कार्यक्रम, आडगावचे कार्यक्रम याच्या वाट्याला. आणि मुख्य म्हणजे आठवड्याचा सगळा कार्यक्रम यालाही तोंडपाठ हवा, न जाणो साहेबांना ताप आला तर. नाटकातला पर्यायी नट विंगेत बसून राहतो, तसा.

आणि हा तापच कित्येकांना तारून गेला आहे. तोस्कानिनी १८८६ साली एका इटालियन ऑपेरा कंपनीत चेलो वाजवत होते. वय एकोणीस. ब्राझीलमध्ये रिओला 'आईदा'च्या खेळात प्रेक्षकांनी कंडक्टरांना हुर्यो करून पळवून लावलं. कुणी तरी म्हणालं, त्या चेलोवाल्या पोराला सगळं पाठ आहे. पोरानं चेलो ठेवला, वर चढला, स्कोअर मिटला आणि पूर्ण ऑपेरा न बघता पार पाडला. १४ नोव्हेंबर १९४३ ला न्यूयॉर्कमध्ये ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांच्या लेनर्ड बर्नस्टाइनला तालमीशिवाय उभं राहावं लागलं. तो कार्यक्रम रेडिओवरून अमेरिकाभर गेला, त्यामुळे एका दुपारीत तो देशाला माहीत झाला. रेडिओचे असेही उपकार असतात, हे आकाशवाणीवर बसून सांगायला मला बरं वाटतं.

झुबिन मेहतांचंही असंच. लिव्हरपूलचं वर्ष संपलं, तेव्हा पुढं कायमची जागा तयार नव्हती. लग्न झालेलं, घरात लहान मूल, व्हिएन्नात परत येऊन मिळेल ते काम. मग १९६०-६१ मध्ये एकापाठोपाठ एक निरोप येत गेले. माँट्रियलला ईगोर मार्केविच येऊ शकत नाहीत, याल का? लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर आजारी आहेत, याल का? इस्राएलला युजीन ऑरमंडी येत नाहीत, याल का? दर वेळी अनोळखी वाद्यवृंद, तालमी मोजक्या, आणि समोर वडिलांच्या वयाचे वादक. असे वादक नव्या माणसाला पहिल्या काही मिनिटांत जोखतात. त्याला चूक ऐकू येते का, आणि आली तर ती तो कुठल्या शब्दांत सांगतो, एवढंच बघतात. मेहता दर वेळी पास झाले. नशीब म्हणा हवं तर, पण निरोप आला तेव्हा स्कोअर पाठ असणं हे काही नशीब नव्हे.

१९६१ मध्ये माँट्रियलनं त्यांना मुख्य संगीत दिग्दर्शक केलं. लॉस एंजेलिसमध्ये तर गंमतच झाली. तिथं सर जॉर्ज शोल्टी प्रमुख म्हणून यायचे होते. त्यांना न विचारता मंडळानं मेहतांना साहाय्यक नेमलं. शोल्टी रागावले आणि राजीनामा देऊन मोकळे झाले. १९६२ मध्ये ती मोठी जागा सव्वीस वर्षांच्या साहाय्यकाकडेच आली. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. लॉस एंजेलिसला १९७८ पर्यंत, मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिक १९९१ पर्यंत, इस्राएल फिलहार्मोनिकशी पन्नास वर्षांचं नातं आणि २०१९ मध्ये तिथून निवृत्ती. गुरुजींच्या नातीनं पाहिला तो व्हिएन्नाचा नववर्षाचा कार्यक्रमही त्यांनी १९९० ते २०१५ या काळात पाच वेळा केला.

आता प्रश्न असा, की झुबिन मेहतांच्या मागून आपल्याकडून दुसरा कोण गेला? बुद्धीची वाण होती असं म्हणवत नाही. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळात मुंबईच्या स्टुडिओंत रोज मोठमोठे वाद्यवृंद वाजत होते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतल्या व्हायोलिनांच्या लाटा कागदावर लिहिणारे आणि स्टुडिओत उभं राहून वाजवून घेणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. अँथनी गोन्साल्विस गोव्याचे. त्यांनी तर १९५८ साली आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्यासाठी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ही सगळी मंडळी चर्चच्या शाळांत लहानपणीच कागदावरचे स्वर वाचायला शिकलेली होती. आकाशवाणीनंही दिल्लीत वाद्यवृंद उभा केला. रविशंकर त्याचे संचालक होते, १९५६ मध्ये बासरीवाले पन्नालाल घोष आले. कंडक्टरची कला आपल्याला परकी होती हे काही खरं नाही. पण स्टुडिओतलं काम तीन मिनिटांच्या गाण्याचं. नाव पडद्यावर यायचं दुसऱ्याचं. नंतर यंत्रांनी ते कामही काढून घेतलं. आणि मेहली मेहता १९५५ च्या सुमारास इंग्लंडला, मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात गेले आणि पुढे अमेरिकेतच राहिले. ज्या शिडीवरून मुलगा चढला, ती मुलाच्या पाठोपाठ मुंबईतून गेली.

२००६ साली मुंबईत एन.सी.पी.ए.नं सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. त्यात परदेशातून येणाऱ्या वादकांचा भरणा मोठा आहे, आणि त्यावर टीकाही होते. मला ती टीका पुरती पटत नाही. मेहलींच्या वाद्यवृंदात तरी कोण होते? सुरुवात अशाच मोटेनं होते. मुलांना लहानपणापासून तयार करण्यासाठी तिथं अकादमीही निघाली. मेहलींच्या नावाची संस्था मुंबईत १९९५ पासून मुलांना शिकवते. गोव्यात २००९ पासून चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन गरीब घरांतल्या मुलांच्या हाती व्हायोलिन देते आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सत्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासमोर उभे राहिले. जगभरचे वाद्यवृंद झाले, पण मुंबईच्या व्यावसायिक वाद्यवृंदाचं संचालन करायला त्यांना एवढी वर्षं थांबावं लागलं. तसा वाद्यवृंदच नव्हता.

गुरुजींच्या नातीला मी मेहतांपेक्षा दोन वेगळी उदाहरणं सांगितली. एक बर्मिंगहॅमचा अल्पेश चौहान, जन्म १९९०. इंग्लंडच्या सरकारी शाळेत त्याच्या हाती चेलो आला. शहराच्या युवक वाद्यवृंदात वाजवत वाजवत तो मँचेस्टरच्या संगीत महाविद्यालयात गेला, तिथं कंडक्टिंग शिकला आणि २०१४ मध्ये आपल्याच शहराच्या सिंफनीत साहाय्यक कंडक्टर झाला. त्याच्या घरी मेहली मेहता नव्हते. ते काम शाळेनं केलं.

दुसरी अमेरिकेची मॅरिन ऑलसप. नऊ वर्षांची असताना तिनं बर्नस्टाइनचा मुलांसाठीचा कार्यक्रम पाहिला आणि ठरवून टाकलं, हेच व्हायचं. व्हायोलिन शिकली. मोठी झाल्यावर कंडक्टिंगच्या वर्गाचे दरवाजे मात्र बंद. बायका हे करत नाहीत, असं तोंडावर सांगणारे शिक्षक होते. तेव्हा १९८४ साली तिनं न्यूयॉर्कमध्ये कॉन्कॉर्डिया नावाचा आपला स्वतःचा छोटा वाद्यवृंद काढला आणि त्यावर हात बसवला. १९८९ मध्ये टँगलवुडला बक्षीस मिळवलं, ज्याला पाहून ठरवलं त्या बर्नस्टाइनकडेच शिकली, आणि २००७ साली बाल्टिमोर सिंफनीची प्रमुख झाली. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाची पहिली स्त्री प्रमुख.

नात ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे आधी दुसरं काही तरी वाजवायला शिकायचं?"

बरोबर. कंडक्टिंग विसाव्या-बाविसाव्या वर्षी सुरू केलं तरी उशीर होत नाही, पण व्हायोलिनला किंवा चेलोला तोवर थांबता येत नाही. बोटं लहानपणीच वळतात. सातवी म्हणजे तसा थोडा उशीरच, पण डबल बास, ट्राँबोन किंवा तालवाद्यं या वयातही धरता येतात, आणि जिचा हात हलगीवर बसलेला आहे तिला टिंपनी परकी वाटायची नाही. दुसरं, पाच रेघांवरची स्वरलिपी. ती शिकवणारे शिक्षक पुण्यात आहेत, लंडनच्या मंडळांच्या परीक्षाही तिथं देता येतात. आठवड्यातून एकदा आंबवड्याहून पुण्याला जायचं म्हणजे भोरला गाडी बदलून अख्खा दिवस जाणार. फी वेगळी, वाद्याचे पैसे वेगळे. हे मी लपवलं नाही.

गुरुजी बराच वेळ पुलाच्या कठड्याला धरून उभे होते. मग म्हणाले, "शाळेत लेझमीच्या कपाटात एक ट्रंपेट पडलंय. फार पूर्वी बँडसाठी आणलेलं. पिस्टन अडकलेत त्याचे. ते तेल घालून सुटतील का हो?"

सुटतात, बहुतेक वेळा. मी त्यांना पुण्यातल्या एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता लिहून दिला आणि आम्ही पूल ओलांडून देवळात गेलो.